अर्धं झाडलेलं घर

निपाणी, ४ जानेवारी

आणि मग मी केरसुणी हातात घेतली. त्याआधी नळाचं पाणी भरून झालं होतं, तुझ्या आज्जीच्या अंघोळीचं पाणी चुलीवर तापत होतं, भाकरी थापून झाल्या होत्या आणि त्यातल्या काही खर्ड्यासकट तुझ्या आप्पांच्या फडक्यात बांधल्या होत्या. रचनाची वेणी घालायची राहिली होती. आप्पांनी चपला घातल्या आणि तुला म्हणाले, "काय रं संघर्ष, गणितं झाली का?" तू मान हलवलीस. झाली नव्हती. तंबाखूच्या पोत्यांनी भरलेला ट्रक गल्लीच्या तोंडाला उभा होता, बेळगावला जायचा. ते गेले. मला वखारीत कामाला जायची घाई होती, म्हणून मी रोजच्यासारखं आतून बाहेर झाडत आले. तुझी आज्जी मिस्री लावत उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "अगं, त्याच्या पाठीवर झाडतीस व्हय? गावाची वेस तरी ओलांडू दे त्याला."

मी म्हणाले, "आत्ती, केराला काय कळतंय कोण गेलं न् कोण आलं."

एवढंच झालं. दुपारी वखारीत माणूस बोलवायला आला. तवंदी घाटात ट्रक उलटला होता.

हे तुला सगळं माहीत आहे. तू नऊ वर्षांचा होतास, सगळं कळत होतं. आज्जी पुढं दोन वर्षं ज्याला त्याला सांगायची, "हिनं माझ्या यल्लाप्पाच्या पाठीवर झाडलं." भांडण झालं की सांगायची, भांडण नसलं तरी सांगायची. नंतर थांबली. दमली असेल असं मला वाटलं. आम्ही दोघी अजून एकाच चुलीवरचं खातो.

मी हे लिहायला बसले, कारण तू फोनवर "बरं आहे, ठेवतो" यापुढं जात नाहीस. दोन वर्षं असंच चाललंय. रचनानं तुझ्या बंगळूरच्या प्रशिक्षणाच्या ठिकाणचा पत्ता पाठवला. म्हणाली, "आये, तू लिही. फोन त्याला घाईत ठेवता येतो, पत्र न्हाय."

पेपरात तुझं नाव आलं. अंतराळात जाणाऱ्यांत नौदलाचा अधिकारी, कमांडर संघर्ष यल्लाप्पा कांबळे. गल्लीच्या तोंडाला दोन फलक लागलेत. मराठी फलकावर तू सीमाभागाचा सुपुत्र आहेस, कन्नड फलकावर कर्नाटकाचा हिरा. दोन्ही फलक एकाच खांबाला बांधलेत आणि अजून कुणी कुणाचा फाडलेला नाही. इथं एवढं एकमत बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

मी रोज घर झाडते. कुणी कुठं गेलं म्हणून थांबत नाही. तुला वाटत असेल की थांबत असेन, म्हणून सांगितलं.

आई


निपाणी, १९ जानेवारी

तुझं उत्तर आलं नाही. तिथं तुम्हाला वेळ नसेल. रचना सांगत होती की तुम्हाला एका यंत्रात बसवून गरागरा फिरवतात आणि छातीवर चार-पाच माणसं बसल्यासारखं वजन पडतं. मी वखारीत पोत्यांखाली दबलेली बाई बघितली आहे. ती नंतर हसत उठली होती. तूही उठत असशील.

इथली गंमत सांगते. मालुबाईला तू ओळखतोस, नगरपालिकेत झाडायच्या कामावर आहे. आपली गल्लीही तिच्याकडंच आहे. परवा खराटा भिंतीला टेकवून आत आली आणि म्हणाली, "सुलाक्का, ठरलं बघ. तुझं पोरगं वर जाईल तवापासनं खाली येईपर्यंत आपल्या गल्लीत कुणी झाडायचं न्हाय."

"कुणी ठरवलं?"

"आम्ही बायकांनी. विहारात बसून."

"विहारात बसून! काल तिथंच बावीस प्रतिज्ञा म्हटल्यात न्हवं?"

"म्हटल्यात की. प्रतिज्ञेत झाडायचं कुठं आलंय?"

"आणि तुझं कामच झाडायचं. तू काय करणार?"

"मीबी न्हाय झाडणार. मुकादम बोंबलू दे."

"नोटीस येईल गं."

"येऊ दे. मुकादमच म्हणंल, बाई तर चंद्रावर गेलीया, आली की नोटीस देतो."

"चंद्रावर न्हाय जायचा तो. पृथ्वीभोवती फिरून येणार."

"तेच ते. वरच की."

तुझ्या आज्जीनं आतून सांगितलं, "बरोबर करतायसा." मग मालुबाई माझ्याकडं बघायला लागली. मी काय म्हणते याची वाट बघत होती. मी म्हणाले, "चहा घेणार का?"

विहारात अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषण मीच करते. उभी राहते आणि सांगते की आपल्या लोकांना पिढ्यान्पिढ्या भीती घालून ठेवलं. बायका टाळ्या वाजवतात. त्याच या बायका. पण त्या मला काही बोलल्या नाहीत, त्या तुझ्यासाठी करतायत, आणि मी नको म्हटलं तर कशासाठी नको म्हणते हे त्यांना सांगावं लागेल. मग आप्पांची गोष्ट निघेल. म्हणून चहा.

एक विचारते. तू खडकवासल्याहून पहिल्यांदा समुद्रावर गेलास तेव्हा लिहिलं होतंस, "आये, जहाजावर रोज सकाळी डेक झाडतात. इथं साहेब व्हायच्या आधी हातात झाडू देतात." ते पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आता माझ्या मनात असं येतं की जहाज बंदरातून निघून वाटेत असतं तेव्हाच ते झाडतात. म्हणजे सगळे पाठीवरच झाडतात. आणि जहाज जातं, येतं. तुला हे तेव्हाच दिसलं असेल. मग तू घरून निघताना तसं का करायचास?

नको, हे राहू दे. यावर पुन्हा लिहीन.

आई


निपाणी, ११ फेब्रुवारी

पहिल्या पत्रात लिहिलं की मी रोज झाडते. ते खरं आहे, पण तू निघतोस त्या दिवशी नाही.

आणि तू निघतोस त्या दिवशी मला झाडायची गरजही नसायची, कारण तू झाडायचास. अकरा वर्षांचा होतास, निवासी शाळेत निघाला होतास. पत्र्याची पेटी दारात ठेवली होती. मी परड्यात होते. आत आले तर तू आतल्या चुलीपासून झाडत मधल्या घरात आला होतास. मग दाराजवळचा सोपा झाडलास, उंबऱ्याबाहेर केर भरून टाकलास, हात धुतलेस आणि पेटी उचललीस. माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाटलं, याला आज्जीचं पटलंय. आईच्या हाताला केरसुणी लागू नये म्हणून हा स्वतः झाडून जातो. म्हणजे मागं मला झाडायला काही उरायला नको.

मग दर सुट्टीला तेच. खडकवासल्याला निघताना, कोचीला निघताना. गोव्याला हेलिकॉप्टर उडवायला लागलास, खांद्यावर पट्ट्या आल्या, पण निघायच्या दिवशी बाही वर सारून वाकलेलाच. गल्लीतली बायामाणसं कौतुकानं बघायची. म्हणायची, सुलाक्का, असला पोरगा मिळायला पुण्याई लागती. मी हसायची. दर वेळी मला वाटायचं की हा मला परत एकदा सांगतोय.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तुझा हात धरला. तुझी अंतराळासाठी निवड झाली होती, तू सांगायला आला होतास. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण निघायच्या सकाळी तू स्वयंपाकघर झाडलंस, मधलं घर झाडलंस, आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "ठेव ती. मी तुझ्या बापाला झाडून काढलं असं वाटत असंल, तर तोंडानं सांग. दर वेळी केरसुणीनं सांगू नकोस."

तू तोंड उघडलंस. मग आज्जीकडं बघितलंस. ती कॉटवर बसली होती. मग तू केरसुणी भिंतीशी आडवी ठेवलीस आणि बॅग घेऊन गेलास. सोपा तसाच राहिला.

तो सोपा मी झाडला नाही. तू पोचल्याचा मेसेज रचनाला आला, तिनं मला फोन केला, त्यानंतर झाडला. भाषण करणारी सुलाबाई ती हीच.

आता मला झोप कशी लागते ते विचारू नकोस. दिवसा वाचनालयात जाऊन बसते. तिथला माणूस ओळखीचा झालाय, मला अंतराळावरचं जे असेल ते काढून देतो. मी वाचायला शिकले ती वखारीत, जर्दा बांधायच्या जुन्या वर्तमानपत्रांवर, त्यामुळं कागद फाटका असला तरी मला चालतो आणि शब्द अडला तरी पुढं जाते. वाचलं ते असं की वर गेलेलं यान सारखं पडतच असतं. पण एवढ्या वेगानं पुढं जात असतं की पडता पडता पृथ्वी त्याच्याखालून वळते, म्हणून ते आपटत नाही. दीड तासाला एक फेरी. म्हणजे तू कुठं पोचणारच नाहीस. निघालेलाच राहणार.

कोचीला पोचलास की कळायचं, मग मी झाडायची. नंतर तू समुद्रावर कुठं कुठं गेलास ते मला कुणी सांगत नव्हतं, आणि त्या सगळ्या दिवसांत मी बिनघोर झाडत होते, आणि तुला काही झालं नाही. हे मी स्वतःला रोज सांगते. पण आता मला कळणार आहे. तू वर आहेस हे सगळ्या जगाला कळणार आहे, आणि घर माझ्यापुढं असणार आहे.

रचना म्हणते, "सरकार आपल्याला उड्डाण बघायला नेतंय न्हवं, चल की. आज्जीला माझ्या घरी ठेवू, दाराला कुलूप लावू. प्रश्नच मिटला." कुलूप लावून मिटणारा प्रश्न असता तर मी तो कधीच मिटवला असता. मी येत नाही म्हणून कळवलं. कारण गुडघे दुखतात असं सांगितलं.

आई


निपाणी, २८ फेब्रुवारी

संघर्ष,

हे पत्र तुला आधी वाचायला मिळू दे. बाकीची मागाहून वाच.

काल बेळगावहून टीव्हीवाले आले, कन्नड चॅनेलचे. बोलणारी मुलगी रचनापेक्षाही लहान होती. तिनं विचारलं, लहानपणी साहेब कसे होते. मी सांगितलं, तळ्यात पोहायचा, गणित कच्चं होतं ते मेहनतीनं पक्कं केलं. हे तिच्या कामाचं नव्हतं. तिनं माइक तुझ्या आज्जीपुढं धरला. आज्जीचं माहेर संकेश्वरचं, तिचं कन्नड तुला माहीत आहेच, मराठीपेक्षा गोड. मिस्री थुंकून आली आणि कॉटवर मांडी घालून बसली.

"कसा होडितिद्दा री!" म्हणाली. केर काढायचा हो तो!

ती मुलगी हसली. आज्जीला तेवढंच हवं होतं. सगळं कन्नडमध्ये सांगितलं, मी तुला आपल्या बोलीत लिहिते. "शाळेला निघाला त्या दिवशी एवढंसं पोरगं, घर झाडायला लागलं. मी म्हटलं, काय रं, बायकांचं काम कशाला करतोस? तर केरसुणी माझ्यापुढं अशी उभी धरली. म्हणाला, आज्जी, ध्येनात ठेव, माझ्या पाठीवर आज मीच झाडलंय. मला वाटंत कायबी झालं तर मला बोलायचं. आयेला बोलायचं न्हाय. आणि आप्पांचंबी आता तिला बोलायचं न्हाय. मला दम दिला हो त्यानं! घरात मी मोठी, आणि मला दम! तवापासनं दर खेपेला जाताना झाडायचा, आणि झाडून झालं की माझ्याकडं बघायचा. मी मान हलवायची. मग जायचा."

ती मुलगी म्हणाली, "सो स्वीट, आज्जी." कॅमेरावाला पण हसला. रात्रीच्या बातम्यांत ते शेवटी दाखवलं, हसायचं म्हणून.

मी दारात उभी होते. हातात त्यांच्यासाठी केलेल्या चहाचा ट्रे होता. मी चहा दिला. त्यांनी मला विचारलं की यावर आपण काय सांगाल. मी म्हणाले, साखर कमी असेल तर सांगा.

ते गेल्यावर मी आज्जीपुढं बसले. "आत्ती, हे मला कधी सांगितलं न्हाय तुम्ही."

"तू कवा इचारलंस?"

"मला काय ठाऊक, म्हणून विचारू?"

"तुझाच पोरगा न्हवं? मला वाटलं तुला ठाऊक आसंल." मिस्रीच्या डबीचं टोपण तिला लागेना, मी लावून दिलं. मग म्हणाली, "आणि अकरा वर्साच्या पोरानं मला दम दिला, हे मी सुनेला सांगू व्हय? मला काय लाज न्हाय?"

"आणि आज सगळ्या कर्नाटकाला सांगितलंसा."

"ते वेगळं," म्हणाली. "आज त्याचा मान हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ती दमली नव्हती. तू शाळेला गेलास त्या दिवसापासून तिनं ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही. एकदाही नाही. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून जेवत होते आणि मला ते दिसलं नाही. मी हात धरल्यावर तू तिच्याकडं का बघितलंस, तेही आज कळलं. तुमच्या दोघांतलं ते तिच्यासमोर उघडं करायचं नव्हतं.

जास्त लिहीत नाही. लिहिलं तर दुसरंच काहीतरी लिहीन.

आई


निपाणी, ९ मार्च

काल तुझा फोन आला, त्या चौकोनी खोलीतून, तोंडावर मास्क. आता तुम्हाला कुणाला भेटता येत नाही, सर्दीसुद्धा व्हायला नको म्हणून. रचनानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवते, कारण फोनवरचं मागून मला बदलल्यासारखं वाटतं.

मी म्हणाले, "पत्रं मिळाली का?"

"मिळाली. सगळी एकदम दिली त्यांनी. तपासून."

"मग?"

तू म्हणालास, "आये, आज्जी हाय का तिथं?"

आज्जी म्हणाली, "हाय की. मला काय धाड भरलीया?"

तू हसलास. मास्कमुळं नुसते डोळे दिसले. मग म्हणालास, "आज्जी, माझं तू टीव्हीवर सांगितलंस. आपल्या दोघांतलं होतं ते."

"तू वर चाललायस. खाली कुणाला ठाऊक नको व्हय?"

मी मध्ये बोलले. "मला का न्हाय सांगितलंस रं?"

"तुला काय सांगू? तुला कळू नये म्हणूनच तर करत होतो. तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी असलं काय मानत न्हाय, झाडू नको."

"म्हणाले असते."

"आणि मी गेल्यावर झाडलं नसतंस."

रचना तिकडं तोंड करून हसायला लागली. मला राग आला, पण टिकला नाही.

"त्या दिवशी हात धरल्यावर तरी बोलायचं होतंस."

"आये, तू मला जे म्हणालीस न्हवं, ते ऐकल्यावर मला बोलता येईना. माझं इतक्या वर्सांचं झाडणं तू तसं धरलं होतंस." तुझ्यामागं कुणीतरी घड्याळ दाखवत होतं. तू म्हणालास, "ह्या खेपेला मला झाडता येणार न्हाय. घर तिकडं, मी हिकडं. तेवढं एकच राहून गेलंय बघ."

हसत म्हणालास. पण मी तुझी आई आहे. तू यानातलं एक अन् एक बटण पाठ केलं असशील, आणि तुझ्या डोक्यात निपाणीचा सोपा आहे. तुला काही झालं तर लोक मला काय म्हणतील, याची तुला काळजी आहे. त्या यंत्रात छातीवर वजन घेऊन बसतोस, आणि वर हे.

मी विचारलं, "वर केर कसा काढता?" तू म्हणालास, "वर केर खाली पडतच न्हाय, आये. तरंगतोय. धरावा लागतो." आज्जी म्हणाली, "मग बायकांना सुखच की." फोन संपला.

मुकादमानं मालुबाईला बोलावून सांगितलंय की गल्ली झाडली नाही तर लेखी तक्रार जाईल. ती म्हणते जाऊ दे. तिची नात बारावीला आहे, घर तिच्या एकटीच्या पगारावर आहे. ती ज्या गोष्टीसाठी नोकरी पणाला लावतेय ती माझ्या घरातून सुरू झाली. हे पण मला गिळता येत नाही.

आई


निपाणी, १६ मार्च

तू अजून वर आहेस. उद्या समुद्रात उतरणार, नौदलाचंच जहाज तुला उचलणार, म्हणजे तू तुझ्याच लोकांच्या हातात येशील. हे पत्र तुला त्यानंतर कधीतरी मिळेल. परवाचं सांगते.

सकाळी रचना तिच्या घरून, खासबागेहून, मुलांना घेऊन आली. गल्लीत मोठा पडदा लावला होता. दोन्ही फलकांवाले आले होते, पडदा कुणी लावला यावरून थोडं झालं, मग खुर्च्या मिळून मांडल्या. गल्ली झाडलेली नव्हती. आदल्या दिवशीचे चहाचे कागदी कप, शेंगांची टरफलं सगळं तसंच पडलं होतं. एरवी बायका लाजल्या असत्या. त्या दिवशी टरफलावर पाय पडला तरी जपून उचलत होत्या, जणू तेवढ्यानंही झाडल्यासारखं होईल. मालुबाई खराटा न घेता आली होती. इतक्या वर्षांत तिला गल्लीत रिकाम्या हातानं मी पहिल्यांदा बघितलं. हात कुठं ठेवायचे तिला कळत नव्हतं.

तुझी आज्जी खुर्चीवर पुढं बसली होती. पडद्यावर धूर झाला आणि मग उजेड. आवाज मागून आला. कुणीतरी "जय भीम" म्हणालं, मग सगळे म्हणाले. मी डोळे मिटले नाहीत. ठरवलं होतं की मिटायचे नाहीत. तुझं यान एक ठिपका झालं, मग पडद्यावर नुसते आकडे राहिले, आणि बोलणारा माणूस म्हणाला की सगळं व्यवस्थित, यान कक्षेत पोचलं. बायका रडल्या. मी आत आले, कारण मला पाणी प्यायचं होतं.

आज्जीला रचनानं धरून आत आणलं. कॉटवर बसल्यावर तिनं विचारलं, "कुठं असंल गं तो आता?"

रचना मोबाइल बघून म्हणाली, "आज्जी, तो आता समुद्रावरनं चाललाय. थोड्या वेळात दुसऱ्या देशावर."

"म्हणजे वेस ओलांडली त्यानं?"

"आज्जी, त्यानं सगळ्या गावांच्या वेशी ओलांडल्या. किती तरी वेळा ओलांडंल अजून."

आज्जीनं मिस्रीची डबी हातात घेतली, उघडली नाही. मग माझ्याकडं बघितलं. ज्या नजरेनं ती तुझ्याकडं बघायची, ती नजर मला माहीत नाही, पण बहुतेक हीच असेल. तिनं मान हलवली.

तिच्या मानेसाठी मी थांबले नव्हते, हे मात्र तुला सांगायचं आहे. माझं फोन झाल्या दिवशीच ठरलं होतं. तू अकरा वर्षांचा असताना माझ्यावरचं उचलून स्वतःवर घेतलंस. त्या वयाच्या पोरानं ते घ्यायचं नसतं, आणि आईनं तर घेऊ द्यायचंच नसतं. पण मला दिसलं नाही. आता दिसलंय, तर ते मी परत घेते. केरानं कुणी जात नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आताही आहे. आणि उद्या समुद्रावर काही वेडंवाकडं झालंच, आणि गल्लीत कुणी म्हणालंच की हिनं पाठीवर झाडलं, तर ते माझ्या तोंडावर म्हणू दे. मी ऐकून घ्यायला आहे. तुझं नाव त्यात यायला नको.

संध्याकाळी मालुबाईच्या घरी गेले. ती पोळपाट पुसत होती. म्हणाले, "उद्या सकाळी खराटा घेऊन ये."

"का गं? खाली आला का तो?"

"न्हाय. वरच हाय."

"मग?"

"मी घर झाडणार हाय. उंबऱ्याबाहेरचं तुझं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "सुलाक्का, आगं, यल्लाप्पाण्णाच्या वेळी..." म्हणाली आणि थांबली. इतकी वर्षं तिलाही ते ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणाले. "त्याच्या वेळीबी झाडलं होतं. घर घाण झालं होतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळाचं पाणी भरलं, आज्जीच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं, आणि केरसुणी घेऊन स्वयंपाकघर झाडलं, मधलं घर झाडलं, आज्जीनं पाय वर घेतले तेव्हा तिच्या कॉटखालून झाडलं, आणि मग सोपा झाडला.